शेऱ्याचा रकाना

त्या इमारतीला दोन मजले होते आणि अक्कल वरच्या मजल्यावर राहते, असा वरच्या मजल्याचा ठाम समज होता. वर काचेच्या केबिनी, गार हवा, भिंतींवर समुद्राचे निळे नकाशे. खाली माती. समुद्राच्या तळातून उपसून आणलेली, लोखंडी नळ्यांत भरलेली, दोन्ही तोंडं मेणाने बंद केलेली माती. ती नळीतून ढकलून बाहेर काढायची, कापायची, तोलायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची आणि आकडे वर पाठवायचे, हे काम खालची बाई सव्वीस वर्षं करत होती. वरचे लोक तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘करवत’. हे तिला माहीत होतं. आपल्याला सुई किंवा कात्री न म्हणता करवत म्हणतात, याचा तिला थोडा अभिमानच होता.

करवतीच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं होती. मातीत हात घातलेली आणि न घातलेली. दुसऱ्या प्रकाराला ती काडीची किंमत देत नसे, आणि पहिल्यालाही फार डोक्यावर घेत नसे. कंपनीचे मोठे साहेब वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन खाली यायचे, नाकाला रुमाल लावून ‘ही आमची प्रयोगशाळा’ म्हणायचे आणि बुटाला काही लागलं नाही ना हे बघत परत जायचे. तरुण इंजिनियर तिचे आकडे संगणकात टाकायचे आणि पलीकडून जे निघेल ते हात जोडून घ्यायचे. आणि सगळ्यांच्या वर होते डॉक्टर. डॉक्टर म्हणजे मातीचे डॉक्टर. आयुष्यात कुणाची नाडी धरलेली नाही. वाळूवर पाच वर्षं प्रबंध लिहून आलेला हा माणूस वाळूला बोट लागलं की साबणाने हात धुवायचा. करवत ते बघायची आणि नाक मुरडायची.

डॉक्टरांवर तिचा राग जुना होता. प्रयोगशाळेत एक जाडजूड नोंदवही असे. नळीचा नंबर, खोली, वजन, ओलावा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एके काळी करवत तो रकाना काठोकाठ भरायची. ‘कुजका वास येतो.’ ‘शिंपल्यांचा चुरा.’ ‘वरून घट्ट, मधे लोण्यासारखी, सांभाळून.’ आधीचे म्हातारे साहेब चष्मा कपाळावर चढवून ते शेरे वाचायचे आणि कधीमधी खाली येऊन विचारायचेही. मग ते निवृत्त झाले आणि नऊ वर्षांपूर्वी डॉक्टर आले. आल्या आठवड्यातच त्यांनी वही वर मागवली आणि लाल शाईने लिहून परत पाठवली: ‘प्रयोगशाळा साहाय्यकांनी मत देऊ नये. शेऱ्यात केवळ वस्तुस्थिती लिहावी.’ खाली सही, आणि सहीखाली रेघ.

करवतीने ते दोनदा वाचलं. भांडायला गेली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. ती भांडली नाही. तिने ठरवलं की आता हे म्हणतात तस्संच करायचं, अगदी अक्षर न अक्षर. त्या दिवसापासून रकान्यात तीनच शब्द येऊ लागले: ‘ठीक’, ‘तुटका’, ‘रिकामी’. नऊ वर्षं. डॉक्टरांना वाटलं, बाईला शिस्त लागली. बाई मनातल्या मनात म्हणत होती, लावा आता काय दिवे लावायचे ते.

तेरा-ब नावाच्या जागेचे नमुने आले ते बारा नळ्यांत. तिथे तेल शोधायला तीन पायांची एक रिग उभी राहणार होती. ही रिग म्हणजे पोकळ लोखंडी तराफा. त्यावर राहायच्या खोल्या, क्रेन, उंच मनोरा आणि ऐंशी-नव्वद माणसं. बोटी तिला ओढत जागेवर नेतात. मग ती आपले तीन लांबलचक पाय खाली सोडते आणि पाय तळाला टेकले की आपलं सगळं धूड त्यांच्यावर पाण्याबाहेर उचलून घेते. प्रत्येक पायाखाली दिवाणखान्याहून रुंद असं लोखंडी पाऊल असतं. ते पाऊल कशावर उभं राहणार, एवढं एक सांगण्यासाठी ती दोन मजली इमारत आणि तिच्यातली सगळी अक्कल होती.

पहिल्या तीन नळ्यांत घट्ट, दाणेदार वाळू निघाली. चौथी हातात घेतली तेव्हाच हलकी लागली. मेण फोडलं तर आत काही नाही. पाचवीही तशीच. सहावीत पुन्हा वाळू, आणि पुढे खोलवर कडक माती. आता नळी रिकामी येण्यात नवल काही नव्हतं. सैल वाळू असली की नळी वर ओढताना ती गळून जाते. पण आणखी एक गोष्ट अशीच गळून जाते, ती म्हणजे अगदी मऊ चिकणमाती. नळीत धरून राहण्याएवढासुद्धा तिच्यात जीव नसतो.

करवतीने त्या दोन नळ्या धुवायला घेतल्या. वाळूची नळी एका बादलीत लख्ख होते. या दोन्हींना तीन-तीन बादल्या लागल्या. आतल्या अंगाला राखाडी लेप बसला होता. तो बोटाला गुळगुळीत लागला आणि नखांत जाऊन बसला. तिने बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला. चिकणमाती, आणि तीही नको तेवढी मऊ. वर चार-साडेचार मीटर वाळूचा पापुद्रा, खाली तीन मीटर हा चिखल, त्याखाली पुन्हा वाळू. डॉक्टरांना जे कळायला तीन यंत्रं आणि दोन पदव्या लागल्या असत्या, ते तिला घंगाळापाशी उभ्या उभ्या कळलं.

मग तिने नोंदवही उघडली. चार नंबरसमोर लिहिलं ‘रिकामी’. पाच नंबरसमोर लिहिलं ‘रिकामी’. आणि नखांतली माती नळाखाली धुऊन टाकली.

तीन आठवड्यांनी अहवाल आकडे ताडून बघायला खाली आला. करवतीने आपले तक्ते तपासले आणि सवयीने पुढची पानंही चाळली. चौदाव्या पानावर तळाचं चित्र होतं, थर रंगवून दाखवलेले. साडेचार ते साडेसात मीटरसमोर छापलं होतं: ‘नमुना उपलब्ध नाही. वाळू, वरीलप्रमाणे.’ वर वाळू, खाली वाळू, मग मधे काय असणार? वाळूच! म्हणजे नऊ मीटर सलग वाळू, पाऊल फार तर मीटरभर रुतेल, रिग ठणठणीत उभी राहील. खाली डॉक्टरांची सही आणि सहीखाली ती रेघ.

करवतीला हसू फुटलं. इतकं की तिने आजूबाजूला बघून घेतलं.

याचा अर्थ काय होतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. रिग उभी राहिली की लगेच कामाला लागत नाही. आधी तिच्या पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, वादळात पायांवर येईल तेवढा भार मुद्दाम टाकून बघतात. वाळूचा थर पातळ असेल आणि खाली चिखल, तर पाऊल तो भार घेतं, घेत राहतं, सगळे हुश्श करतात, आणि मग एकाएकी थर फुटतो. एक पाय खाली जातो, दोन जागेवर राहतात. पाण्यापासून उंच उचललेलं धूड कलंडतं, पाय काडीसारखे वाकतात. अशा रिगांचे फोटो तिने जुन्या फायलींत पाहिले होते. त्यांच्याखाली माणसांचा आकडाही दिलेला असे.

वर जायला एकोणीस पायऱ्या होत्या. ती गेली नाही. तिने स्वतःला पटवलं की वर चौघे शहाणे बसलेत, अहवाल तपासणारे आणखी वेगळे, विमावाले त्याहून वेगळे. कुणाला ना कुणाला ‘वरीलप्रमाणे’ खटकेलच. आणि नाही खटकलं तर आपण कोण? मत न देणारी साहाय्यक. ‘बघू या डॉक्टरांची वाळू किती टिकते,’ असं ती भट्टीला म्हणाली. खोटं कशाला बोला, तिला मजा वाटली. तिच्या डोळ्यांपुढे ऐंशी माणसं आलीच नाहीत. आले ते एकटे डॉक्टर, खाली मान घालून उभे. सव्वीस वर्षं मातीत हात घातलेल्या बाईची अक्कल त्या दिवशी वरच्यांच्या अकलेहून तसूभरही जास्त नव्हती, आणि लाज त्यांच्याहून कमी होती. त्यांना निदान माहीत नव्हतं.

घरी लेक आणि जावई असत. जावई रिगवर कामाला. महिना समुद्रात, महिना घरी. टाक्यांत पाणी भरायचं आणि सोडायचं हे त्याचं काम. लेकीने पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा करवत म्हणाली होती, ‘म्हणजे पाणक्या.’ तेच नाव त्याला चिकटलं. लग्नाला पाच वर्षं झाली, पण ती त्याच्याशी सरळ कधी बोलली नाही. तो समोर बसलेला असताना लेकीला म्हणायची, ‘सांग तुझ्या नवऱ्याला, पंखा बंद करा म्हणावं.’ तो उठून पंखा बंद करायचा. तो तिला ‘आई’ म्हणायचा. ते ती ऐकू आलं नाही असं दाखवायची. इंजिनियर मुलांची स्थळं आली होती, तीही तिनेच एकेक करून हाणून पाडली होती. पण राग मात्र या एकट्यावर निघायचा.

अहवाल तपासून वर गेल्याला तीन आठवडे झाले होते. एका संध्याकाळी जेवताना लेक सहज म्हणाली, ‘अगं, ह्यांना दुसऱ्या रिगवर पाठवलं. तिथला पंपवाला आजारी पडला म्हणे. उद्या नव्या जागेवर पोचतील.’

‘कुठल्या?’

‘कसला तरी नंबर आहे. थांब, मेसेज आलाय.’ तिने फोन चाळला. ‘तेरा-ब. परवा सकाळी टाक्या भरायला घेणार.’

लेक पुढे काहीबाही बोलत होती, पडद्यांचं कापड की काय. करवतीला त्यातला शब्द कळत नव्हता. तिच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदाच माणसं आली होती. लेक होती, आणि लेकीचा तो पाणक्या.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली तेव्हा डॉक्टर नुकतेच खुर्चीत टेकले होते.

‘तेरा-बच्या चार आणि पाच नंबरमध्ये वाळू नव्हती,’ ती म्हणाली. ‘चिकणमाती होती. एकदम मऊ.’

टेबलच बोलायला लागल्यासारखे डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. ‘नळ्या रिकाम्या होत्या, बाई. तुम्हीच लिहिलंय.’

‘रिकाम्याच होत्या. पण धुताना हाताला लागली.’

‘हाताला.’

‘बोटांना. तीन-तीन बादल्या पाणी लागलं. वाळूला एवढं लागत नाही.’

डॉक्टर हसले. शेजारच्या केबिनीतून त्यांनी मोठ्या साहेबांना बोलावलं. ‘साहेब, ऐका. आता आपण बादल्या मोजून अहवाल बदलायचे.’

मोठ्या साहेबांना हसू आलं नाही, पण त्याचं कारण वेगळं होतं. ‘अहवाल मागे घ्यायचा? रिग जागेवर पोचल्यावर? लोक काय म्हणतील आपल्याला?’ मग करवतीकडे वळून म्हणाले, ‘ती माती कुठंय?’

‘धुतली.’

‘वहीत लिहिलंय?’

करवतीने वही आणलीच होती. तिने नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडून टेबलावर ठेवलं. आपली लाल शाई बघून डॉक्टरांचे कान तापले, पण असली माणसं तापली तरी वाकत नाहीत. ‘मत वेगळं आणि निरीक्षण वेगळं,’ ते म्हणाले. ‘हा फरक कळायला शिक्षण लागतं. आणि मला सांगा, नळ्या धुऊन दीड महिना झाला. हे तुम्हाला आज कसं सुचलं?’

नऊ वर्षांत डॉक्टरांनी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

‘काल आठवलं,’ ती म्हणाली.

‘बघू,’ मोठे साहेब म्हणाले. वरच्या मजल्यावर ‘बघू’ म्हणजे विषय संपला. करवत जिना उतरली. मागून डॉक्टरांनी ‘बादल्या’ असं काहीतरी म्हटलं आणि दोन तरुण इंजिनियर खिदळले. एरवी तिने वळून चौघांनाही जागच्या जागी सोलून काढलं असतं. त्या दिवशी ती वळली नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या अंगणात गेली. तिथे धुतलेल्या नळ्यांची चळत रचलेली होती. लेकीकडून घेतलेला नंबर तिने लावला. रिगवरच्या जेवणघरात फोन लागत असे, हे तिला आज सकाळीच कळलं होतं.

‘हॅलो? आई?’ जावयाच्या आवाजात भीती होती. ‘घरी सगळं बरं आहे ना?’

‘बरं आहे. ऐका.’ हे ‘ऐका’ तिने पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला म्हटलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. नळ्या, लेप, बादल्या, नखांतली माती. बोलताना तिला आपलंच बोलणं वेडगळ वाटत होतं. पलीकडून तो हसला नाही.

‘वरची वाळू किती?’ त्याने विचारलं.

‘चार मीटर. फार तर साडेचार.’

‘अहवालात नऊ लिहिलेत.’

‘तुम्ही अहवाल वाचता?’

‘वाचतो तर! त्यावर उभा मीच राहणार असतो ना.’ मागे कुठेतरी ताटांचा आवाज येत होता. ‘आणि खालची माती किती मऊ?’

‘नळीत थांबली नाही, एवढी.’

‘समजलं.’

त्याला खरंच समजलं होतं. करवतीला ते आवडलं नाही. ज्याला आपण इतकी वर्षं मठ्ठ ठरवलं तो मठ्ठ नाही, हे कळणं कुणालाच आवडत नाही.

‘भरणं थांबवणं माझ्या हातात नाही, कॅप्टनच्याही नाही,’ तो म्हणाला. ‘पण कसं भरायचं ते त्याच्या हातात आहे. धूड पाण्याबाहेर काढायचंच नाही. पोट पाण्यात ठेवून टाक्या भरायच्या, आणि एका वेळी एकाच पायावर भार द्यायचा. मग पाय गेलाच तर पाणी धूड झेलतं. एक दिवस जास्त जातो, म्हणून कुणी करत नाही. अहवाल चांगला असला की नाहीच करत. पण कॅप्टनला काय सांगू? कुणी सांगितलं म्हणू?’

‘सांगा, सासूने सांगितलं.’

आता मात्र तो हसला. ‘मग ऐकेल. त्यालाही सासू आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळपासून करवतीने एकच नमुना चार वेळा तोलला आणि चारही वेळा वेगळं वजन आलं. साडेअकराच्या सुमाराला वरच्या मजल्यावर एकदम सगळे फोन वाजू लागले. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी धावलं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि डॉक्टर खाली आले. पाहुणे बरोबर नसताना ते पहिल्यांदाच खाली येत होते.

‘पुढचा पाय गेला,’ ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘अडीच मीटर. एका झटक्यात.’

‘माणसं?’

‘आहेत. सगळी आहेत. त्यांनी का कोण जाणे, पोट पाण्यातच ठेवलं होतं. रिग कलली आणि पाण्यावर टेकली. एकाचं खांद्याचं हाड मोडलंय. पंपवाल्याचं. सगळे वर पळाले तेव्हा तो टाक्यांतलं पाणी सोडायला खाली गेला.’

करवत स्टुलावर बसली. डॉक्टर तिथेच उभे राहिले. त्यांनी टेबलावरच्या वाळूत बोट घातलं, बाहेर काढलं, आणि हात धुवायचा विसरून वर निघून गेले.

पण अशी माणसं फार दिवस पांढरी राहत नाहीत. चौथ्या दिवशी वर सभा झाली. तोवर फोन कुणी केला ते रिगवरून वर कळलं होतं, आणि करवतीला मुद्दाम बोलावलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेच्या सूक्ष्म निरीक्षणामुळे संभाव्य धोक्याची सूचना रिगपर्यंत वेळेवर पोचली. सूचना कशी पोचली, कुणाच्या सासूमुळे पोचली, हे चित्रांत नव्हतं. ‘वरीलप्रमाणे’ हा शब्दही कुठे नव्हता. मोठ्या साहेबांनी करवतीला फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला आणि नवं परिपत्रक वाचून दाखवलं: यापुढे शेऱ्याच्या रकान्यात निरीक्षणं सविस्तर लिहावीत. खाली डॉक्टरांचीच सही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बादल्यांवर खिदळलेल्या त्या दोघांनीसुद्धा.

करवतीच्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती आणि त्यातल्या कुठल्याही एकाने ती सभा उभी चिरली असती. ती मूग गिळून बसली. ‘आज कसं सुचलं?’ हा डॉक्टरांचा प्रश्न अजून तिथेच, त्या खोलीत होता. त्यांनी तो पुन्हा विचारला नाही, कारण उत्तरात त्यांची लाल शाई निघाली असती. तिने काही काढलं नाही, कारण मग तिचा दीड महिना निघाला असता. एकमेकांना कस्पटासमान लेखणारी दोन माणसं एकमेकांना सांभाळून घेत बसली होती. तिला स्वतःची किळस आली. गुच्छ तिने खाली आणून नळ्या धुवायच्या घंगाळात टाकला.

जावई त्याच आठवड्यात घरी आला. खांदा आणि हात पट्ट्यात बांधलेला, दाढी वाढलेली. लेक त्याच्याभोवती उशा रचत होती आणि तोंडाने आईचं कौतुक चालू होतं. शेजारीपाजारी, दुकानात, फोनवर, सगळीकडे तिने सांगून झालं होतं की माझ्या आईने रिग वाचवली. आता रविवारची तयारी चालली होती. कॅप्टन आणि रिगवरचे सहा-सात जण करवतीला भेटायला येणार होते. आभार मानायचे होते त्यांना. लेक कपाटातून ठेवणीतले कप काढून पुसत होती.

‘क्रेनवाला तर म्हणाला, मी त्यांना नुसतं बघणार,’ लेक हसत म्हणाली. ‘आई, तू जरा नीट बोल हं त्यांच्याशी. लगेच करवत लावू नकोस.’

‘आई, एक विचारू?’ जावई म्हणाला.

‘विचारा.’

‘त्या नळ्या तुम्ही धुतल्या कधी?’

‘दोन महिने होत आले.’

‘आणि ती चिकणमाती आहे हे तेव्हाच कळलं होतं?’

‘अहो, तिला आदल्या दिवशी आठवलं, सांगितलं ना मी,’ लेक मधेच म्हणाली. जावयाने तिकडे बघितलं नाही. तो करवतीकडेच बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. हिशेब लागत नसला की माणूस कागदाकडे बघतो तसा तो बघत होता.

‘तेव्हाच,’ करवत म्हणाली.

‘अहवाल वाचला होता?’

‘हो.’

‘वाळू लिहिलीय, ते?’

‘तेही.’

लेकीचा कप पुसणारा हात थांबला. जावयाने बांधलेला खांदा जरा सावरून घेतला. ‘आम्ही अठ्ठ्याऐंशी जण होतो,’ तो म्हणाला. ‘तिथला पंपवाला आजारी पडला नसता तर मी त्यात नव्हतोच. मग केला असता फोन?’

करवतीकडे खोटं तयार होतं, वापरलेलं होतं, वरच्या मजल्यावर चाललंही होतं. इथेही चाललं असतं. लेक तेच मागत होती, डोळ्यांत पाणी आणून मागत होती. पण समोर जो बसला होता तो टाक्या सोडायला एकटा खाली गेला होता, आणि त्याला खोटं सांगायला लागेल एवढी त्याला कमी लेखायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

‘नसता केला,’ ती म्हणाली.

लेकीने हातातला कप खाली ठेवला.

‘रविवारी ते लोक येतील,’ जावई म्हणाला. ‘आभार मानतील. त्यांना हे कुणी सांगायचं?’

‘मी सांगेन. त्यांनी आभार मानायच्या आधी सांगेन.’

त्याने मान हलवली, आणि दुसऱ्या हाताने उशी धरून, कुणाची मदत न घेता, आत जाऊन आडवा झाला. लेक आईकडे बघत उभी होती. काही विचारेल असं करवतीला वाटलं. तिने पुसलेले कप एकेक करून उचलले आणि परत कपाटात ठेवायला लागली.